मालमोटारीच्या इंजिनाची ओढ कशी वाढवावी?

मलकापूरकडून बुलढाण्यास खते किंवा बियाणे आणणाऱ्या मालमोटारीस राजूर घाट चढावा लागतो. तेथे इंजिन दमू लागले की ते पूर्ण उघडण्याचा विचार केला जातो. असा मोठा खर्च करण्यापूर्वी पुढील तपासणी क्रमाने करावी. हरवलेली ओढ पुष्कळदा एवढ्यानेच परत मिळते. ट्रॅक्टरासही हेच लागू आहे.

चढावर कामी येतो तो टॉर्क, म्हणजे इंजिनाच्या दांड्यास मिळणारा पीळ. डिझेल नीट जळले तरच तो पुरेसा मिळतो. आणि एक किलो डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे १४.५ किलो हवा लागते. म्हणून प्रथम हवेची गाळणी स्वच्छ करावी वा बदलावी आणि टर्बोच्या नळ्या फुटलेल्या नाहीत हे पाहावे. नंतर डिझेलची गाळणी बदलावी. त्यानंतर कुशल मेस्त्रीकडून झडपांची फट, इंजेक्टरचा फवारा व इंधन सुटण्याची वेळ निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे लावून घ्यावी. इंजिन जोराने फिरूनही गाडी ओढत नसेल, तर क्लच तपासावा.

पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवू नये. हवा तेवढीच राहिल्याने काळा धूर निघतो, उष्णता वाढते व पिस्टन जळण्याचा धोका असतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बी. एस. ६ मानकाच्या गाड्यांत इंधनाचे नियंत्रण संगणकाकडे असते. त्यात फेरफार मुळीच करू नये.

सर्वाधिक पीळ मध्यम फेऱ्यांवर मिळतो. यास्तव घाटाच्या पायथ्याशीच खालचा गिअर घालावा व फेऱ्या पडू देऊ नयेत.

निळा धूर निघत असेल व तेल फार खपत असेल, तर मात्र रिंगा झिजल्याचा संभव असतो. अशा वेळीच इंजिन उघडावे.