घरचा संगणक, लेखांक ६ : आधी कॉपी, मग नवी डिस्क

लॅपटॉप हळू का होतो, याची कारणं मागच्या भागात पाहिली. त्यातलं एक मुद्दाम राखून ठेवलं होतं, कारण तिथे दिरंगाई परवडत नाही : हार्ड डिस्कच जायला लागलेली असते.

जुन्या पद्धतीच्या डिस्कमध्ये तबकड्या बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेतात आणि वाचणारं हेड त्यांच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. ते टेकलं की चुंबकीय थर खरवडतो आणि सुटलेला चुरा आणखी जागा बिघडवतो. त्यामुळे फोल्डर उघडताना लॅपटॉप वारंवार अडकू लागला, फाइली वाचता येईनाशा झाल्या, की डिस्कचं उरलेलं आयुष्य फक्त कॉपीसाठी वापरायचं. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. कुणी फॉरमॅट मारतं, कुणी चेकडिस्क लावून रात्रभर सोडून देतं. चेकडिस्क फाइलींची मांडणी दुरुस्त करते, यंत्र नव्हे. त्यासाठी ती त्याच आजारी डिस्कवर लिहिते, आणि वाचू शकली असती अशी फाइलही त्यात जाऊ शकते.

शंका असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम बघा. डिस्क स्वतःच ठेवत असलेली नोंद तो दाखवतो. त्यात ०५ आणि सी५ या ओळींचे आकडे वाढत असतील, तर सेक्टर निकामी होत आहेत. मात्र नोंद स्वच्छ असतानाही डिस्क बंद पडू शकते.

पुन्हा मिळणार नाही ते आधी उचला : फोटो, स्वतःचं लेखन, दुकानाचे हिशेब. सिनेमे राहिले तरी चालतील. एखादी फाइल अडली तर तिच्याशी झगडत बसू नका, पुढची घ्या. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हेच शिस्तीत करतं : सुरळीत वाचता येणारे भाग आधी काढतं, अडलेल्या जागा नोंदवून ठेवतं आणि मागाहून परत प्रयत्न करतं. सतत टकटक ऐकू येत असेल, तर मात्र लॅपटॉप लगेच बंद करून डेटा रिकव्हरीवाल्यांकडे जा. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजून फिरतो. बाहेर काढल्यावर तिच्यावर दव धरतं, तो ऐकू नका.

आता बदल. आधी डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं बिटलॉकर चालू आहे का पाहा आणि असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा. अनेक जुन्या लॅपटॉपमध्ये २.५ इंची साटा डिस्क असते. तिच्या जागी त्याच मापाची एसएसडी बसते. तरी जाडी तपासून घ्या : ९.५ मिलिमीटरच्या जागेत ७ मिलिमीटरची डिस्क सैल राहते, तिला पट्टी लावावी लागते. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी सोडवा आणि मगच स्क्रू उघडा. बरेच सेक्टर खराब असतील तर जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, म्हणजे क्लोन, करण्याचा हट्ट नको. नवं विंडोज टाका. डिजिटल लायसन्स बहुधा मदरबोर्डशी जोडलेलं असल्यानं ते पुन्हा विकत घ्यावं लागत नाही.

कॉपी केलेल्या फाइली उघडून पाहिल्याशिवाय जुनी डिस्क भंगारात देऊ नका.