ब्रेकला हवा हवी!

दोस्तांनो, दोन्ही तळहात एकमेकांवर जोरात घासा बरं! गरम झाले ना? गाडीचा ब्रेकही हेच करतो. घासून चाकाचा वेग कमी करतो आणि त्यातून निघालेली उष्णता हवेत सोडतो.

आता नाशिकची भाजी भरून मुंबईला निघालेली एक जुनी पिकअप डोळ्यांपुढे आणा. कसारा घाट उतरताना ड्रायव्हरकाकांचा पाय सारखा ब्रेकवर! अशा कित्येक गाड्यांच्या चारही चाकांत ड्रम ब्रेक असतात. ड्रम म्हणजे बंद डबाच. त्याला आतून ब्रेक-शू घासतात. उष्णता कोंडते, ड्रम प्रसरण पावतो, लायनिंगची पकड सुटते. पाय दाबला तरी गाडी आवरत नाही!

यावर उपाय डिस्क ब्रेकचा. चाकाबरोबर उघडी तबकडी फिरते आणि दोन पॅड तिला चिमटीत धरतात. वारा लागून ती लवकर निवते. १९५३ साली फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत जॅग्वारने जिंकली, ती डिस्क ब्रेक लावूनच! ब्रेक दाबल्यावर गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून डिस्क आधी पुढच्या चाकांना बसवतात.

मग झालं काम? छे! वेग दुप्पट झाला, की थांबताना उष्णता चौपट होते. टायरची पकड मात्र तेवढीच राहते. म्हणून माल बेताचा भरायचा आणि उतारावर खालचा गिअर टाकायचा. मग इंजिनच गाडीला आवरतं, ब्रेकला विसावा मिळतो.

घाटात तशी पाटी दिसली, तर तिचं कारण आता घरच्यांना तुम्हीच सांगा!