‘मंदारमाला’चे राम मराठे

ठाणे महापालिकेचा संगीत समारोह पं. राम मराठे यांच्या नावाने होतो. नव्या रसिकांना ते ख्यालगायक म्हणून ठाऊक असतात. त्यांच्यातला नाट्यसंगीतकार मात्र अजून पुरेसा मोजला गेलेला नाही.

जन्म १९२४चा, पुण्यातला. लहानपणीच त्यांनी प्रभातच्या ‘गोपालकृष्ण’ चित्रपटात (१९३८) कृष्ण रंगवला. पुढे मास्टर कृष्णरावांकडे तालीम मिळाली. मास्तर हे भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, आणि १९१६च्या ‘स्वयंवर’ नाटकाच्या चाली बुवांच्या. म्हणजे संगीत नाटकाच्या बहराचा वारसा मराठ्यांना थेट गुरूकडूनच लाभला. जगन्नाथबुवा पुरोहितांकडून रागविद्येची आणखी श्रीमंती आली.

बोलपटांनी संगीत नाटकाची रया घालवली होती. अशा काळात नाटककार विद्याधर गोखल्यांची लेखणी आणि मराठ्यांच्या चाली एकत्र आल्या. १९६३च्या ‘मंदारमाला’त तर संगीतकारही तेच आणि गायकनटही तेच! त्यातले अहिरभैरव रागातले पद आजही मैफलीत फर्माइशीने गायले जाते. प्रसाद सावकारांबरोबरची त्यांची जुगलबंदी म्हणजे त्या नाटकाचा कळसच. तिथे गाणे कथानक अडवत नाही, दोन गवयांचा सामना हेच नाट्य होते. नाटकाच्या संगीतकाराची खरी कसोटी हीच, आणि मराठे तिला पुरेपूर उतरले.

१९६७ साली त्यांच्याच चालींनी ‘मेघमल्हार’ रंगभूमीवर आले.