व्यसनमुक्ती आणि डॉक्टरांचे शिक्षण

बोईसर येथील तारापूर औद्योगिक वसाहतीत घरापासून दूर राहणारे हजारो कामगार काम करतात. त्यांपैकी एखादा तरुण गर्दच्या किंवा अफूजन्य वेदनाशामक गोळ्यांच्या आहारी गेला, तर तो प्रथम मनोविकारतज्ज्ञाकडे जात नाही. अंगदुखी किंवा निद्रानाशाची तक्रार घेऊन तो जवळच्या दवाखान्यात वा प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो. तेथील डॉक्टरास हा रोग ओळखता येणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

केंद्र शासनाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे ७७ लाख लोकांना अफूजन्य पदार्थांच्या व्यसनासाठी मदतीची गरज होती. त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक ज्या आठ राज्यांत होते, त्यांत महाराष्ट्राचाही समावेश होता.

प्रश्न केवळ निग्रहाचा नाही

सततच्या सेवनाने शरीर या द्रव्याला सरावते. ते एकाएकी बंद केल्यास तीव्र अंगदुखी, उलट्या, जुलाब व अस्वस्थता सुरू होते. काही दिवस सक्तीने व्यसन सोडविल्यास शरीराचा हा सराव मोडतो. मग घरी परतलेल्या रुग्णाने मोहाने पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर श्वास मंदावून मृत्यू ओढवू शकतो. यास्तव ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही औषधे वैद्यकीय देखरेखीखाली दीर्घकाळ द्यावी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये त्यांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

विद्यार्थ्याने काय शिकावे?

२०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित पदवी अभ्यासक्रमात व्यसनाधीनतेचा विषय आहे. २०२१ च्या नियमांनी आंतरवासितेत मनोविकारशास्त्र विभागातील दोन आठवड्यांचे काम बंधनकारक केले. या अल्प काळात विद्यार्थ्याने रुग्णास न दुखावता सेवनाविषयी विचारणे, अतिमात्रेची लक्षणे ओळखून नॅलॉक्सोन देणे, तज्ज्ञाकडे वेळीच पाठविणे आणि रुग्ण परतल्यावर त्याचा पाठपुरावा करणे शिकले पाहिजे. केवळ पुस्तकी ज्ञान येथे अपुरे पडते. १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण केंद्राने समुपदेशन व कुटुंबाचा सहभाग यांचे मोल महाराष्ट्रास दाखवून दिले. विद्यार्थ्यांनी अशा केंद्रांत बरे होत असलेले रुग्ण प्रत्यक्ष पाहिले, तर तिरस्काराची जागा समजूत घेते.

कायद्याचा दृष्टिकोन

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक विकारांना मानसिक आजारांत स्थान दिले आहे. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्याचे कलम ६४-अ हे स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला, ठरावीक मर्यादेत व अटींवर, खटल्यापासून संरक्षण देते. ही माहिती डॉक्टरांइतकीच ग्रामपंचायत सदस्य व शिक्षकांनाही असावयास हवी.

गावात अशी व्यक्ती आढळल्यास तिची चर्चा चावडीवर न करता तिला आरोग्य केंद्रात न्यावे, तसेच १४४४६ या राष्ट्रीय दूरध्वनी सेवेची माहिती द्यावी. डॉक्टर शिकलेला आणि गाव समंजस असेल, तरच उपचार पूर्णत्वास जातील.