विश्लेषण : प्रियकर की नवरा? नंदिनी आणि रुमीच्या निर्णयात फरक काय?

प्रेमत्रिकोणात अडकलेली तरुणी हिंदी सिनेमाला नवी नाही. संजय लीला भन्साळींचा ‘हम दिल दे चुके सनम’ (१९९९) आणि अनुराग कश्यपचा ‘मनमर्जियां’ (२०१८) यांची गोष्ट वरवर सारखीच आहे. दोन्ही नायिका शेवटी नवऱ्याकडेच वळतात. पण कशा?

नंदिनीचा पेच काय?
नंदिनीचं (ऐश्वर्या राय) प्रेम समीरवर (सलमान खान), घरचे लग्न लावतात वनराजशी (अजय देवगण). सत्य कळल्यावर वनराज स्वतःच तिला समीरकडे घेऊन जातो. ती परत फिरते, त्यात वनराजच्या त्यागाचा वाटा मोठा असतो.

रुमी वेगळी कशी?
अमृतसरच्या रुमीला (तापसी पन्नू) विकी (विकी कौशल) हवा आहे, पण तो लग्नाची बोलणी करायला येतच नाही. दोघं पळून जायला निघतात, तेव्हाही त्याच्याकडे ना पैसे, ना पुढचा काही विचार. रुमी माघारी येते, रॉबीशी (अभिषेक बच्चन) लग्न करते आणि नंतर लपून विकीलाही भेटते. लेखिका कनिका धिल्लन तिची चूक झाकत नाहीत.

शेवट महत्त्वाचा का?
नंदिनी परतते ती वनराजची पत्नी म्हणूनच. रुमी आणि रॉबी मात्र आधी लग्न रद्द करण्याच्या कागदांवर सह्या करतात आणि मगच मनमोकळं बोलतात. लग्नाचं बंधन उरलेलं नसतं, त्यागाचं ओझंही नसतं. अशा वेळी रुमी रॉबीकडे वळते, म्हणून तो निर्णय तिचा स्वतःचा ठरतो.