पावसाळा, कालवं आणि त्यांची अंडी

शहाडला समुद्र दिसत नाही. पण उल्हास नदीत भरतीचं पाणी जवळच कल्याणपर्यंत चढतं आणि शहाडवरून वाहून गेलेलं पाणी शेवटी वसईच्या खाडीतून समुद्राला मिळतं. त्या गोड्या-खाऱ्या पट्ट्यात कालवं आणि शिंपल्या वाढतात. त्यांच्या जन्माची गोष्ट आपल्या किनाऱ्यावर कशी उलगडत गेली, ते आज मागे वळून पाहावंसं वाटतं.

सुरुवात १९३१ पासून करावी लागते. त्या वर्षी ‘इंडियन झूऑलॉजिकल मेमॉयर्स’ या मालिकेत मुंबईच्या खडकांवरल्या कालवावर पी. आर. आवटी आणि एच. एस. राय यांचा ग्रंथ निघाला. कालव आयुष्यभर नर किंवा मादी म्हणून राहीलच असं नाही. बहुतेक आधी नर असतात आणि पुढे त्यांतले अनेक मादी होतात. आवटी-राय यांना यात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या कालवांच्या शिंपल्यात वाटाण्याएवढा खेकडा मुक्कामाला असतो, त्यांच्यात नरांचं प्रमाण जास्त निघालं. अंडी तयार करायला शुक्राणूंपेक्षा कितीतरी जास्त साठा लागतो आणि खेकडा त्यातच वाटा मागतो, असा त्याचा अर्थ लावता येतो.

पुढचा मोठा टप्पा आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातलाच. केळव्याच्या खाडीतल्या कालवांच्या प्रजननावर व्ही. एस. दुर्वे यांचा अभ्यास १९६५ साली प्रसिद्ध झाला. केळवे आता पालघर जिल्ह्यात आहे. पाऊस सुरू होऊन खाडीचा खारटपणा उतरू लागला की ही कालवं अंडी सोडतात, हे त्यातून पुढे आलं. मला हे काम फार मोलाचं वाटतं. कोकणातला पाऊस भातासाठी मोजणारे आपण, तोच पाऊस खाडीतल्या जिवांनाही वेळ सांगतो हे त्यामुळे कळलं. १९७५ मध्ये नागभूषणम् आणि माने यांनी रत्नागिरीजवळच्या काळबादेवी खाडीतल्या शिंपल्यांच्या प्रजननावर लिहिलं. समुद्रापासून इतक्या दूरच्या मराठवाडा विद्यापीठातून हे काम झालं, याचं आजही कौतुक वाटतं.

अंड्याचं पुढे काय होतं? एक मादी एका वेळी लाखो अंडी पाण्यात सोडते. पाण्यात शुक्राणू आले की शेजारच्या माद्याही अंडी सोडू लागतात. फलन उघड्या पाण्यातच होतं. अंडं मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढं. काही तासांत त्यातून केसाळ, गरगर फिरणारी अळी होते आणि साधारण एका दिवसात तिच्यावर इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराचं कवच येतं. दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगल्यावर ती जागा शोधते, खडकाला चिकटते आणि मग तिथून हलत नाही.

याच आठवड्यांत तिचं सगळं भवितव्य ठरतं. मोठं कालव पाणी वाईट आलं तर शिंपले मिटून काही काळ तग धरतं. अंड्याला मिटायला काहीच नसतं. म्हणून खाडीत मोठी कालवं दिसतात, एवढ्यावरून खाडी ठीक आहे असं मानणं धोक्याचं आहे. फ्रान्समधल्या आर्काशोंच्या उपसागरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस हेच झालं. कालवं होती, पण नवी पिल्लं धरत नव्हती. बोटींच्या तळाला लावायच्या रंगातलं ट्रायब्युटिल टिन हे कारण निघालं आणि १९८२ मध्ये फ्रान्सने त्या रंगावर निर्बंध आणले. त्याच रसायनामुळे समुद्री गोगलगायींच्या माद्यांवर नराचे अवयव उगवतात. १९९९ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी आपल्या किनाऱ्यावरही अशा माद्यांची नोंद केली. त्या गोगलगायीच्या शास्त्रीय नावातच ‘कोंकणेन्सिस’ आहे. बोटींच्या त्या रंगावर जागतिक बंदी २००८ पासून लागू झाली.

उल्हासच्या काठाला अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण, डोंबिवलीची वस्ती आणि कारखाने आहेत. पहिल्या पावसाचा लोंढा नाल्यांत महिनोन्‌महिने साचलेलं सगळं खाडीत नेतो आणि कालवांनी अंडी सोडण्याचा हंगामही तोच. म्हणून सांडपाण्याची तपासणी उन्हाळ्यात एकदा करून भागणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

२०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’च्या मंडळींनी मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर सामान्य माणसांना ओहोटीच्या वेळी नेलं आणि लोक समुद्री गोगलगायींच्या अंड्यांच्या फितीही ओळखू लागले. खाडीसाठीही असं काही व्हायला हवं. कल्याण-ठाण्याच्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्राच्या विभागांनी दर पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, वसईच्या खाडीत नवी कालवं किती धरली ते मोजावं आणि तो आकडा दरवर्षी लोकांपुढे ठेवावा.