पुराव्याची पावती

बीड जिल्ह्यातून दरवर्षी किती माणसे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात, हा प्रश्न मी अर्थशास्त्राच्या वर्गात नेहमी विचारतो आणि नेहमीच निरनिराळे आकडे ऐकतो. यंदा एका विद्यार्थ्याने नेमका आकडा सांगितला. तो कोठून घेतला असे विचारताच मात्र त्याला उत्तर सुचेना. दोष एकट्या त्याचा नव्हे. ऐकीव आकडा छापून आला की तो खरा, अशी आपणा सर्वांचीच समजूत आहे.

१ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. डॉ. केतकरांनी २३ खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश सिद्ध केला, तेव्हा त्यातील मजकुराला संपादकाच्या नावाचे तारण होते. विकिपीडियात कोणीही लिहावे. पदवी कोणी विचारीत नाही. म्हणूनच तेथे लेखकापेक्षा विधानाच्या आधाराला महत्त्व आहे. विश्वसनीय प्रकाशित ग्रंथाचा वा अहवालाचा दाखला द्यावा, स्वतःचे नवे संशोधन घुसडू नये, असा तेथील दंडक आहे. कचेरीत पावतीवाचून खर्च मंजूर होत नाही, तसाच हा व्यवहार.

हा दंडक पाळणे कठीण जाते ते अभिमानाच्या प्रसंगी. 'विवेकसिंधू'कार मुकुंदराजांची समाधी आमच्या अंबाजोगाईस आहे, असे आम्ही मानतो. नागपूर जिल्ह्यातील आंभोऱ्याचाही त्यांच्यावर हक्क सांगितला जातो. ग्रंथाचा शके १११० हा कालही वादातीत नाही. अशा वेळी दुसऱ्याचे मत पुसून टाकणे ही जिल्ह्याची सेवा नव्हे. दोन्ही मते, ती मांडणाऱ्या अभ्यासकांच्या नावांसह नोंदविणे, हीच खरी सेवा होय.

आणखी एक धोका आहे. विकिपीडियातील निराधार वाक्य एखादे वृत्तपत्र उचलते आणि पुढे त्याच वृत्तपत्राचा दाखला विकिपीडियात दिला जातो. अशा रीतीने असत्य स्वतःच स्वतःचा साक्षीदार बनते. याउलट मूळ आधार हाती असला की अप्रिय सत्यही झाकता येत नाही. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली अवघ्या ८०७ होत्या. हा आकडा जनगणनेचा होता, म्हणूनच त्याला निव्वळ अफवा म्हणून झटकता आले नाही.

यावर कोणी म्हणेल, आमच्या कष्टकऱ्यांचे जीवन ग्रंथांत आलेच कोठे? आक्षेप रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर दाखल्याची अट सैल करणे हे नसून दाखले निर्माण करणे हे आहे. महाविद्यालयांनी गावोगावी पाहण्या कराव्यात, त्या प्रसिद्ध कराव्यात. शिक्षकांनी गॅझेटियर आणि जनगणनेचे अहवाल विद्यार्थ्यांच्या हाती द्यावेत. ऊसतोड कामगारांची मोजणीच नीट झाली नाही, तर त्यांच्यासाठी योजना तरी कोणत्या हिशेबावर आखणार? पुढच्या वर्षी तोच प्रश्न मी पुन्हा विचारणार आहे. विद्यार्थ्याने आकडा सांगितला नाही तरी चालेल; तो कोठे शोधावा, एवढे त्याला सांगता आले पाहिजे.